बिल्ला बघून क्लब निवडणाऱ्यांसाठी

१५ एप्रिल २०२० ला यू.एस. सॉकर या अमेरिकेच्या महासंघाने आपली डेव्हलपमेंट अकादमी, म्हणजे क्लबांच्या मुलामुलींची राष्ट्रीय लीग, गुंडाळली. कोविड आणि पैशाची चणचण अशी कारणं दिली. मुलींची अकादमी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. २०१७ साली ती सुरू झाली तेव्हा पालकांच्या मनावर ठसवलं गेलं होतं, की राष्ट्रीय संघाकडे जायचं तर आता इथूनच. अट एकच, पण जबर. अकादमीत खेळणाऱ्या मुलीने, मोजक्या सवलती सोडल्या तर, हायस्कूलच्या संघातून खेळायचं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींनी शाळेची जर्सी सोडली, वर्गातल्या मैत्रिणींबरोबरचा हंगाम सोडला, आणि ज्या लीगसाठी सोडला ती लीगच राहिली नाही. २०२० मध्येच अकादमीतल्या बऱ्याच क्लबांनी मिळून गर्ल्स अकादमी, म्हणजे जीए, उभी केली. इतर काही ईसीएनएलमध्ये, २००९ पासून चालत आलेल्या एलिट क्लब्ज नॅशनल लीगमध्ये, दाखल झाले. प्रशिक्षक तेच, मैदान तेच, शनिवारी पहाटे गाडीत कोंबायच्या पिशव्याही त्याच. बदलला फक्त बाहीवरचा बिल्ला.

इतकं होऊनही न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत कुठल्याही मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या पालकांचं बोलणं ऐका. विषय मुलींच्या खेळाचा कमी आणि बिल्ल्याचा जास्त. "अहो, त्यांच्याकडे ईसीएनएल आहे. तुमची आरएलच ना?" या 'आरएलच ना'मध्ये, म्हणजे त्याच लीगच्या खालच्या रिजनल पायरीबद्दलच्या उद्गारात, जो सूर असतो तो आपण मराठी माणसं पुरेपूर ओळखतो. "कुठल्या क्लासला घातलंय?" हा प्रश्न आपल्याकडे याच सुरात विचारला जातो. शिकवणारे सर कोण, बॅचमध्ये मुलं किती, आपलं पोर शंका विचारतं का, हे सगळं नंतर. आधी क्लासचं नाव.

माझं म्हणणं असं, की मुलगी नववीत जाईपर्यंत लीगचं नाव हा क्लब निवडायचा निकष नसावाच. आणि या वर्षी तर मुळीच नको.

या वर्षी का, ते सांगतो. २०२६-२७ च्या हंगामापासून यू.एस. युथ सॉकर, एवायएसओ आणि यू.एस. क्लब सॉकर या तिन्ही संघटनांनी वयोगटाची रेघ १ जानेवारीवरून १ ऑगस्टवर आणली आहे. जवळजवळ दहा वर्षं जन्मवर्षानुसार संघ बनत होते. त्यामुळे मार्च २०१३ ची आणि नोव्हेंबर २०१३ ची मुलगी आजवर एका संघात होत्या. आता मार्चवाली ऑगस्ट २०१२ पासूनच्या मुलींबरोबर जाईल आणि नोव्हेंबरवाली जुलै २०१४ पर्यंतच्या मुलींबरोबर. बदलामागचा हेतू रास्त आहे. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुली बहुतेक राज्यांत संघातल्या इतरांपेक्षा एक इयत्ता मागे असतात. बाकीच्या नववीत जाऊन हायस्कूलचा हंगाम खेळायला लागल्या की या आठवीतल्या पोरींना तेवढे महिने संघच उरत नसे. शाळेच्या इयत्तेशी जुळणारी रेघ आल्यावर हा प्रश्न बराचसा सुटेल.

पण रेघ कुठेही ओढली तरी गटात सर्वांत लहान कोणीतरी असणारच. काल ती डिसेंबरातली होती, उद्या जुलैमधली असेल. अकरा-बारा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे दोन-अडीच इंच उंची, आणि धावताना, धडकताना कळेल असा ताकदीतला फरक. निवड करणारे प्रशिक्षक हा फरक गुणवत्ता म्हणून मोजतात, हे खेळातल्या संशोधनात कैक देशांत आणि कैक खेळांत दिसून आलेलं आहे. म्हणजे यंदाच्या ट्रायआउटमध्ये, संघाच्या निवड चाचणीत, असं होणार, की गेल्या वर्षी दुसऱ्या संघात बसवलेली नोव्हेंबरातली मुलगी एकाएकी पहिल्या संघात जाईल आणि पहिल्या संघातली जूनमधली खाली येईल. पहिलीच्या घरी पेढे, दुसरीच्या घरी रडारड. खरं तर दोघींच्या खेळात काडीचाही फरक पडलेला नसेल. फरक पडला तो कॅलेंडरमध्ये. या गोंधळाचा फायदा क्लब घेणार हेही उघड आहे. सगळे संघ एकदम मोडले, की खेळाडू पळवायला याहून बरा मोसम कुठला?

आता बिल्ल्याकडे वळू. युरोपात एखादा संघ वरच्या श्रेणीत असला तर तो बहुधा मैदानावर सामने जिंकत तिथे पोचलेला असतो, आणि हरत गेला तर खालीही घसरतो. अमेरिकेतल्या या राष्ट्रीय लीग बंद दाराच्या आहेत. क्लबाने अर्ज करायचा, लीगने त्याचं मैदान, खेळाडूंची संख्या, नकाशावरची जागा आणि शेजारच्या सभासद क्लबांची मर्जी बघायची, मग प्रवेश द्यायचा किंवा नाकारायचा. जवळच दुसरा सभासद क्लब आहे म्हणून चांगला क्लब बाहेर राहू शकतो, आणि त्या भागात कोणीच नाही म्हणून मध्यम क्लब आत जाऊ शकतो. एकदा आत गेला की त्याचे तेरा वर्षांखालच्यांपासून एकोणीस वर्षांखालच्यांपर्यंतचे सगळे पहिले संघ तोच बिल्ला लावतात. त्यातला तुमच्या मुलीचा संघ कसा आहे, त्याला कोण शिकवतो, याबद्दल बिल्ला अक्षरही बोलत नाही. ती लीग आणि क्लब यांच्यातल्या कराराची खूण आहे. त्यात तुमच्या मुलीचा कुठे संबंध नाही, आणि करार बदलला तर तिला कोणी विचारतही नाही.

आपल्या समाजात यामागचं खरं इंजिन कॉलेज हे आहे. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण मनात स्टॅनफर्ड असतं, निदान 'खेळामुळे ॲप्लिकेशन उठून दिसेल' एवढं तरी असतंच. तर हिशेब मांडू. अमेरिकेत पावणेचार लाखांच्या आसपास मुली हायस्कूलमध्ये सॉकर खेळतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजात खेळणाऱ्या मुली तीस हजारांच्या घरात. बारातली एक म्हणा. त्यातही डिव्हिजन थ्री खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, आणि आयव्ही लीगही देत नाही. डिव्हिजन वनमध्ये परवापरवापर्यंत एका संघाला जास्तीत जास्त चौदा पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, त्याही पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटल्या जात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना ती मर्यादा उरली नाही, मात्र संघच २८ खेळाडूंवर बांधला गेला. शिष्यवृत्तीविना का होईना, संघाच्या कडेला राहून जागा मिळवण्याची जी वाट होती ती त्यामुळे अरुंद झाली. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत आठ वर्षं. क्लबाची फी, विमान, हॉटेल, जादाचे क्लिनिक मिळून वर्षाला सहा हजार डॉलर धरा. वरच्या लीगमध्ये कित्येक घरांत याहून जास्तच जातात. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. शिष्यवृत्तीची गुंतवणूक म्हणून कोणी हा हिशेब मांडत असेल, तर त्या घरात नोकरीला फायनान्समध्ये कोणी नसावं.

शिवाय डिव्हिजन वनचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलीशी किंवा घरच्यांशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. हा नियम २०१९ चा. त्याआधी आठवी-नववीतल्या मुली तोंडी शब्द देऊन बसत होत्या, म्हणून तो करावा लागला. तेव्हा बारा वर्षांखालच्यांच्या सामन्याला तिसऱ्या राज्यात गेलात, तर काठावर वही घेऊन बसलेला माणूस बहुधा कॉलेजचा नसतो. दुसऱ्या क्लबाचा असतो.

मग लीगला काहीच अर्थ नाही का? आहे. मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली, तिला स्वतःलाच कॉलेजात खेळायचं आहे, तर लीगचे शोकेस कामाचे ठरतात. एकाच ठिकाणी शेकडो कॉलेजांचे प्रशिक्षक येतात, एका दुपारी वीस खेळाडू बघून जातात. ते लहान स्थानिक लीगच्या मैदानावर फिरकणार नाहीत, हे वास्तव आहे. दुसराही मुद्दा खरा आहे. दर आठवड्याला तोलामोलाची झुंज मिळाली तर खेळ वाढतो, आणि सात-शून्यने जिंकणाऱ्या संघात कोणी काही शिकत नाही. सात-शून्यने हरणाऱ्या संघातही नाही, हे मात्र बिल्लेवाले सांगायला विसरतात. आणि बाकावर बसून तर अजिबातच नाही. पहिल्या संघातली सतरावी मुलगी सामन्यात पंधरा मिनिटं खेळते. तीच दुसऱ्या संघात गेली तर पूर्ण सामना खेळेल, फ्री किक घेईल, चुकेल, पुन्हा घेईल. हंगामभराचा हिशेब केला तर ही तफावत प्रचंड होते.

अपवादांवरून नियम काढू नये हे मान्य, तरी दोन नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेली ॲलेक्स मॉर्गन क्लब सॉकरला लागली ती चौदाव्या वर्षी. त्याच संघाची नाओमी गिर्मा इथिओपियाहून आलेल्या आईबापांची, सॅन होजेची. तिच्या वडिलांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी 'मलेदा' नावाचा घरगुती क्लब काढला होता, तिथे तिची सुरुवात झाली. पुढे ती स्टॅनफर्डची कप्तान झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी सुमारे अकरा लाख डॉलर मोजले. महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलर ओलांडणारी ती पहिली बदली. आपल्या महाराष्ट्र मंडळांना गणेशोत्सवाचे ढोल-ताशे, नाटकाचे दौरे, मराठी शाळा हे सगळं जमतं. शनिवार सकाळचं एक मैदान जमायला काय हरकत आहे, असं मला त्या मलेदाबद्दल वाचल्यापासून वाटत आलंय.

मग बघायचं काय? ट्रायआउटचा दिवस बघू नका. त्या दिवशी सगळे प्रशिक्षक गोड असतात. ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी, थंडी पडायला लागलेली, दिवे लागलेले, अशा वेळी ज्या संघात मुलगी जाणार त्याच संघाच्या सरावाला जाऊन कुंपणाबाहेर उभे राहा. एखादी मुलगी स्वतःच्या गोलाजवळ चेंडू घेऊन वळायला जाते आणि गमावते. आता चेंडूकडे नाही, प्रशिक्षकाकडे बघा. काही जण लगेच ओरडतात, "मार ना बाहेर!" पुढच्या वेळी ती मुलगी डोळे मिटून चेंडू लांब मारते, संघ शनिवारी जिंकतो आणि ती वळायला कधीच शिकत नाही. काही जण खेळ थांबवून विचारतात, वळण्याआधी मागे बघितलंस का? पुन्हा तोच चेंडू देतात. मी अशा एका सरावाला उभा होतो, तिथली प्रशिक्षिका तर काहीच बोलली नाही. पुढच्या फेरीत तिने त्याच मुलीच्या पायात मुद्दाम चेंडू दिला, तो पुन्हा गेला, तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा पोरगी वळली आणि मोकळ्या बाजूला निघाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सराव पुढे चालू राहिला. त्या संघाच्या बाहीवर बिल्ला कुठला होता ते मी सांगणार नाही.

सरावाच्या आधीची वीस मिनिटंही बघा. मुलींच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि वयात येण्याच्या काळात हा धोका वाढतो. एकदा तुटला की शस्त्रक्रिया आणि नऊ-दहा महिने घरी. फिफाने तयार करून घेतलेला '११+' नावाचा वॉर्मअप आहे. उड्या, उतरताना गुडघा आत न वळू देणं, तोल, मांडीचे व्यायाम. तो नेमाने केला तर दुखापती ठळकपणे कमी होतात, त्याला खर्च शून्य. फीमध्ये व्हिडिओ ॲनालिसिसचे पैसे घेणारा क्लब मुलींना दोन फेऱ्या पळवून सरळ खेळायला सोडत असेल, तर त्याची प्राथमिकता कळली.

आणि एक गोष्ट, जी आपण मराठी पालक संकोचाने विचारतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या माजी हंगामी ॲटर्नी जनरल सॅली येट्स यांचा अहवाल आला. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षकांकडून होणारा शाब्दिक, मानसिक आणि लैंगिक छळ हा एकट्यादुकट्याचा नसून व्यवस्थेत मुरलेला आहे, असं त्यात नोंदवलं होतं. त्याहून महत्त्वाचं पुढचं: याची मुळं युथ लीगमध्ये आहेत, तिथेच मुलींना अपमानाची सवय लावली जाते आणि प्रशिक्षक-खेळाडूंमधली मर्यादा पुसली जाते. 'कडक सर आहेत, पण घडवतात' हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने म्हटलं जातं, म्हणून हा अहवाल आपणच जास्त मनावर घ्यायला हवा. सेफस्पोर्ट या, खेळातला छळ रोखण्यासाठी असलेल्या अमेरिकी केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षकाने अल्पवयीन खेळाडूला एकट्याने भेटायचं तर ते इतरांना दिसेल आणि मध्येच कोणी येऊ शकेल अशा ठिकाणीच. मेसेज करायचा तर पालक किंवा दुसरी मोठी व्यक्ती त्यात हवी. कारवाई झालेल्यांची नावं सेफस्पोर्टच्या यादीत कोणालाही शोधता येतात. क्लबाच्या डायरेक्टरला विचारा, हे नियम तुमच्याकडे कसे पाळता? तो चिडला, हसण्यावारी नेलं किंवा 'आमच्याकडे तसं काही नाही' म्हणाला, तर तिथून निघा. मग लीग कुठलीही असो.

अमेरिकेची ही व्यवस्था वाईटच, असा सूर लावायचा नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांसाठी अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात, आणि तालमीचा पोरगा खेळतो म्हणून कोणी बापाकडून तीन हजार डॉलर मागत नाही. पण त्या गर्दीत मुलीच्या पायात चेंडू किती वेळा आला? अमेरिकेत १९७२ चा टायटल नाइन हा कायदा आला, शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळावर खर्च करणं भाग पडलं, आणि त्यातून चार विश्वचषक आले. आपल्या मुलींना इथे मिळतंय ते थोडं नाही. म्हणून तर ते बिल्ल्यांच्या बाजारात हातचं जाऊ नये असं वाटतं. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०२४ साली इथल्या कुटुंबाने एका मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले, २०१९ पेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त. राष्ट्रीय लीगवाल्या पालकांना हा आकडा वाचून हसूच येईल, आणि तिथेच कळतं की सरासरी घरातली मुलगी या दारातून आत येणं किती अवघड आहे. नॉर्वेने १९८७ सालीच मुलांच्या खेळासाठी नियम केले. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी नाही. त्या चिमुकल्या देशाच्या मुलींनी १९९५ चा विश्वचषक आणि २००० चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

पालकांनी शहाणं व्हावं एवढं म्हणून महासंघाला मोकळं सोडता येणार नाही. पालक घाबरून निर्णय घेतात, कारण त्यांना घाबरवलं जातं. ट्रायआउट संपतो, रात्री ईमेल येतो: अठ्ठेचाळीस तासांत होकार द्या आणि परत न मिळणारं डिपॉझिट भरा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. शेजारच्या क्लबाचा ट्रायआउट मुद्दाम तिसऱ्या दिवशी असतो. त्या ईमेलमध्ये संघात एकूण किती मुली घेणार ते लिहिलेलं नसतं. कोण शिकवणार त्याच्यापुढे 'ठरायचं आहे' असतं. आणि वर जो बिल्ला छापलेला असतो तो पुढच्या हंगामात राहील की नाही, हे बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विमानाचं तिकीट विकणाऱ्याला हे चालत नाही. मग मुलांचा खेळ विकणाऱ्याला का चालावं?

यू.एस. सॉकरने लीग चालवून बघितली, जमली नाही. निदान एवढा नियम तरी करावा: पैसे घेण्याआधी क्लबाने संघाची कमाल संख्या, प्रशिक्षकाचं नाव आणि परवाना, प्रवासासकट वर्षाचा अंदाजी खर्च आणि पुढच्या हंगामाचं लीगचं सभासदत्व पक्कं आहे का, हे लेखी द्यायचं. यांतलं काही नंतर बदललं तर मुलीला कुठल्याही दिवशी, कुठल्याही क्लबात जायची मोकळीक, आणि राहिलेल्या महिन्यांची फी परत. नियम होईपर्यंत हे चार प्रश्न आपणच ईमेलने विचारायचे आणि लेखी उत्तर येईपर्यंत कार्डाचा नंबर भरायचा नाही. एकट्याने विचारलं तर 'कटकटे पालक' म्हणून नाव पडेल. संघातल्या दहा घरांनी एकाच दिवशी विचारलं तर डायरेक्टर संध्याकाळपर्यंत फोन करतो.